बातमी सांगणाऱ्यांचे मन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी त्यांना "वृत्तव्यवसायातील भावनिक श्रम" असे नाव सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "जरा सोपे नाव नाही का देता येणार? हे नाव फळ्यावर लिहिले तर अर्ध्या बायका भाषण संपल्यावरच येतील." त्यांचे म्हणणे मला पटले. म्हणून विषय तोच ठेवला आहे, नाव तेवढे बदलले आहे.

श्रम म्हटले की आपल्यासमोर शेत, कारखाना, धुणेभांडी अशी अंगमेहनतीची कामे येतात. बुद्धीचे श्रमही आपण मानतो. परंतु मनाने करावयाचेही एक काम असते आणि त्यासाठी माणसाला पगारावर ठेवलेले असते, ही गोष्ट अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली एका ग्रंथात सविस्तर मांडली. त्यांनी विमानातील सेविकांचा अभ्यास केला होता. प्रवासी कितीही उर्मटपणे वागला तरी त्या मुलीने हसले पाहिजे, आणि ते हसू ओढूनताणून आणलेले दिसता कामा नये, हा तिच्या नोकरीचाच भाग. त्याच ग्रंथात त्यांनी अगदी उलट टोकाची माणसेही घेतली आहेत: थकलेली बिले वसूल करणारी. समोरच्याची दया आली तरी ती यांनी दाखवायची नाही. एकीने नसलेला आनंद आणायचा, दुसऱ्याने असलेली दया गिळायची. या दोन्हींना त्यांनी भावनिक श्रम असे नाव दिले.

आता आपल्यापैकी पुष्कळजणी मनात म्हणत असतील, यात नवे ते काय? सासरी पाऊल टाकल्या दिवसापासून आम्ही दुसरे काय करीत आलो? ते खरेच आहे. पण हॉकशील्डबाईंनी यात एक भेद केला आहे. घरात आपण मन आवरतो ते नात्यासाठी, आणि ते केव्हा आवरायचे आणि केव्हा मोकळे सोडायचे, हे थोडेफार तरी आपल्या हाती असते. नोकरीत ते दुसऱ्याने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, घड्याळ लावून आणि पगाराच्या बदल्यात करावे लागते. घरातले काम हलके, असे त्या म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही. त्यावर बोलायला लागले तर आजची संध्याकाळ पुरायची नाही.

मी 22 वर्षे एका दैनिकात उपसंपादक होते, म्हणून मला या व्यवसायाबद्दल बोलता येते. आपल्या सर्वांच्या घरी सकाळी वर्तमानपत्र येते, संध्याकाळी दूरचित्रवाणीवर बातम्या लागतात, आणि आता तर दिवसभर हातातल्या मोबाइलवर त्या चालूच असतात. ती बातमी आपल्यापर्यंत आणणाऱ्या माणसाला मन असते, हे आपल्याला सहसा आठवत नाही. आठवू नये अशीच तिची घडण असते. बातमीत "मी" नसतो. अपघातस्थळी वार्ताहराचे पाय लटपटले, हे बातमीत येत नाही. "अपघातात चौघे जागीच ठार झाले," एवढे येते.

जुनी गोष्ट सांगते. 31 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत गांधीजींची अंत्ययात्रा निघाली. आकाशवाणीचे मेलव्हिल डी मेलो यांनी सुमारे सात तास तिचे इंग्रजीतून धावते वर्णन केले. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी रेडिओला कान लावले ते रडत होते. फक्त एका माणसाला रडण्याची मुभा नव्हती, आणि तो म्हणजे बोलणारा माणूस. त्या वर्णनाचे कौतुक पुढे अनेक वर्षे झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या सात तासांत मन कोठे ठेवले, असे विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती.

आजही ती फारशी आहे असे नाही. 2017 सालच्या एप्रिलमधील एक घटना आपल्यापैकी काहीजणींना आठवत असेल. छत्तीसगडमध्ये रायपूरच्या एका हिंदी वृत्तवाहिनीवर एक तरुण निवेदिका सकाळच्या बातम्या देत होती. एका अपघाताची बातमी आली आणि तिथल्या वार्ताहराला दूरध्वनीवर घेतले गेले. या व्यवसायात त्याला "फोनो" म्हणतात. वार्ताहराने मोटारीचे वर्णन केले आणि आतील पाचांपैकी तिघे मरण पावल्याचे सांगितले. नावे काही सांगितली नाहीत. परंतु आपला नवरा त्याच वेळी, त्याच रस्त्याने, तशाच मोटारीतून चौघांबरोबर निघाला आहे, हे तिला ठाऊक होते. तिला काय ते कळले. तिने आवाज न हलवता बातमीपत्र पूर्ण केले, कॅमेऱ्यासमोरून उठली आणि मग घरच्यांना फोन लावला. तिचा नवरा त्या अपघातात गेलेला होता.

देशभर तिच्या धैर्याची वाखाणणी झाली. मीही ती बातमी वाचून हात जोडले. पण त्याच बातमीत आणखी एक ओळ होती, ती माझ्या मनातून जात नाही. आतल्या सहकाऱ्यांना ही गोष्ट ती पडद्यावर असतानाच कळली होती, आणि तिला सांगण्याचे धाडस कोणालाच झाले नाही. मी त्यांना दोष देत नाही. ते वाईट नव्हते, भांबावलेले होते. मला एवढेच म्हणायचे आहे की निवेदिकेच्या कानात बसवलेल्या यंत्रातून दर मिनिटाला सूचना देता येतात: आता हा फोन घ्या, आता जाहिरात, आता पुढची बातमी. त्याच वाटेने "तू ऊठ, पुढचे आम्ही पाहतो," असेही सांगता आले असते. तसे सांगायची रीतच आपल्याकडे पडलेली नाही. धैर्याची स्तुती करणे सोपे असते. जागा सांभाळायला दुसरे माणूस तयार ठेवणे त्याहून अवघड, आणि खर्चाचेही.

परवा आपल्यातल्याच एका भगिनीने मला एक प्रश्न विचारला. त्यांची परवानगी घेऊनच सांगते, नाव मात्र सांगत नाही. त्यांची मुलगी मुंबईत एका वृत्तवाहिनीत काम करते. आजी गेली तेव्हा ती रातोरात आली. डॉक्टरांचा दाखला, स्मशानातील नोंद, नातलगांना फोन, सगळे तिने केले. वर्तमानपत्रात द्यायची निधनवार्ताही पाच मिनिटांत लिहून काढली. डोळ्याला पाणी नाही. चौथ्या दिवशी कामावर परत गेली. आई मला विचारीत होत्या, "हो ताई, इतकी कशी निबर झाली माझी पोर? लहानपणी चिमणीचे पिल्लू मेले तर दोन दिवस जेवली नव्हती."

ती निबर झालेली नाही, असे मी त्यांना सांगितले. पण एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि होऊही नये. म्हणून जरा खोलात जाऊन सांगते.

आमच्या कचेरीत निधनवार्तांचे काम बराच काळ माझ्याकडे होते. हे वर्तमानपत्रातले सर्वांत क्षुल्लक काम समजतात. नव्या मुलामुलींना पहिल्यांदा तेच देतात. माझ्या मते ते सर्वांत जड आहे. वहीच्या कागदावर लिहून माणूस घेऊन येतो: "यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे." त्यात मुलीचे नाव राहिलेले असते. तुम्ही हळूच विचारता, "मुलगी नाही का?" तो माणूस एकदम गप्प होतो. मुलगी आहे, पण तिने जातीबाहेर लग्न केले आहे. आता त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता, आवाजात काही न आणता तुम्हाला विचारायचे असते की घालू का नको. कधी फोटो चौकटीत बसत नाही, कधी बायकोचा एकटीचा फोटोच घरात नसतो, लग्नाच्या फोटोतून तिला कापून काढायचे असते. आणि ते कापताना नवरा समोर बसलेला असतो. हे सर्व पान सोडायच्या वेळेच्या आत, आणि प्रत्येकाला वाटले पाहिजे की आजच्या दिवसात त्याचेच दुःख आपण ऐकले.

2021 च्या एप्रिल आणि मे महिन्यांत हा एक स्तंभ वाढत वाढत पानभर झाला. लोक कचेरीपर्यंत येऊ शकत नव्हते, मोबाइलवर मजकूर पाठवीत आणि फोन करीत. निम्मे फोन निधनवार्तेचे, आणि निम्मे "कुठे ऑक्सिजनची खाट मिळेल का?" असे विचारणारे. वर्तमानपत्राला सगळे ठाऊक असते अशी लोकांची समजूत. माझ्याबरोबर पंचविशीची एक मुलगी होती. सकाळी ज्याच्या वडिलांसाठी तिने चार ठिकाणी चौकशी केली, संध्याकाळी त्याच्याच वडिलांची निधनवार्ता तिला लिहून घ्यावी लागे. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. आवाज नेहमीसारखा ठेवायचा, कारण पलीकडच्याला आधार त्या आवाजाचाच. महिन्याभराने तिने दोन दिवसांची रजा मागितली. वरून उत्तर आले, "बातम्या लिहून कोणी आजारी पडते का?" ते उत्तर देणारे गृहस्थ स्वतः रात्री दोनपर्यंत जागे असत आणि त्यांची झोप उडालेली होती, हेही मला सांगितले पाहिजे. आपण दमलो आहोत असे कबूल करणे म्हणजे या व्यवसायात नालायक ठरणे, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण.

आता आईंच्या प्रश्नाकडे येते. हॉकशील्डबाई दोन प्रकार सांगतात. एक वरवरचा अभिनय: आत एक, चेहऱ्यावर दुसरे. यात माणूस दमतो, पण आपले खरे मन कोणते हे त्याला माहीत असते. दुसरा आतला अभिनय: चेहरा बदलण्याऐवजी मनालाच तसे वळण लावायचे. हे रोज केले की मन खरोखरच तसे वागू लागते, आणि मग स्वतःच्या घरचा प्रसंग आला तरी ते त्याच चाकोरीने चालते. त्या मुलीने आजीची निधनवार्ता लिहिली ती नातीच्या हाताने लिहिली नाही, नोकरीच्या हाताने लिहिली. नातीचे रडणे कोठे तरी शिल्लक आहे. ते केव्हा येईल ते सांगता येत नाही. कदाचित सहा महिन्यांनी, बसमध्ये, कोणाच्या तरी लुगड्याचा वास आला म्हणूनही येईल.

हे माझ्या मनचे बोल नव्हेत. टोरांटो येथील मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइन्स्टाइन यांनी 2002 साली युद्धभूमीवर काम करणाऱ्या 140 पत्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, दचकणे, असा जो विकार सैनिकांना होतो, तो यांच्यापैकी शंभरात सुमारे 29 जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा झालेला आढळला. युद्धावर न गेलेल्या पत्रकारांपेक्षा यांचे मद्यपानही अधिक होते. मात्र उपचार घेण्याचे प्रमाण अधिक नव्हते. एवढे सोसून हे लोक डॉक्टरांकडे जात नव्हते.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडची मुले युद्धावर कोठे जातात? म्हणून त्यांचाच 2014 सालचा दुसरा अभ्यास सांगते. यात कचेरीत बसून, लोकांनी पाठविलेली हिंसेची चित्रे आणि चित्रफिती तपासणारे 116 पत्रकार होते. दाखवण्याजोगे काय आणि झाकण्याजोगे काय, हे ठरविण्यासाठी त्यांना आधी सगळेच पाहावे लागते. आपल्याला पडद्यावर जो अंधूक केलेला चौकोन दिसतो, तो अंधूक करणाऱ्याने आतले स्पष्ट पाहिलेले असते. फाइन्स्टाइन यांना असे आढळले की किती वेळ पाहिले यापेक्षा किती वारंवार पाहिले, याचा त्रास अधिक होतो. म्हणजे एक दिवस सलग पाहणाऱ्यापेक्षा रोज थोडे थोडे पाहणाऱ्याचे मन अधिक झिजते. आणि कचेऱ्यांतून काम वाटण्याची रीत तर रोज थोडे थोडे अशीच असते.

दूरचित्रवाणीच्या वार्ताहराबद्दल आपल्या सर्वांचा एक राग असतो. घर पडलेल्या बाईच्या तोंडासमोर दांडा धरून "आत्ता तुम्हाला काय वाटतंय?" असे विचारणाऱ्याचा. तो राग योग्य आहे, मला त्या प्रश्नाचे समर्थन करावयाचे नाही. परंतु तो प्रश्न पुष्कळदा त्या पोराचा नसतो, कानातल्या आवाजाचा असतो: "बाई रडली पाहिजे, जवळ जा." छापील वर्तमानपत्रात दुःख गिळावे लागते. येथे ते दुसऱ्याचे उकरावे लागते, वर आपल्या आवाजात थोडे घालावेही लागते. ही दुहेरी मेहनत आहे, आणि त्या बाईवर तर तो उघड अन्यायच आहे.

तालुक्याच्या वार्ताहराचे हाल वेगळेच. त्याला बहुधा पगार नसतो. थोडे मानधन आणि त्याने मिळविलेल्या जाहिरातींवर कमिशन, यावर त्याचे चालते. ज्या पुढाऱ्याच्या गैरकारभाराची बातमी द्यायची, त्याच्याच वाढदिवसाची शुभेच्छांची जाहिरात आणायला हसतमुखाने जायचे. आणि तो शहरातल्या पत्रकारासारखा बातमी देऊन निघून जाऊ शकत नाही. ज्या घरातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी त्याने काल दिली, त्या घरची माणसे त्याला परवाच्या आठवडे बाजारात भेटतात. आपण 6 जानेवारीला पत्रकार दिनी, म्हणजे 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी "दर्पण" सुरू केला त्या दिवशी, त्याला शाल आणि नारळ देतो. त्याची ती शाल घरातल्या पेटीत जाते आणि तो पुन्हा फटफटी घेऊन निघतो.

स्त्रियांच्या वाट्याला यात आणखी एक भाग येतो. आमच्या वेळी कचेरीत रडणारी बाई आली की कोणीही पुरुष उपसंपादक मान वर न करता म्हणे, "ताईंकडे जा." जणू तेही आमचे खातेच. बलात्काराच्या बातमीसाठी मुलीशी बोलायचे असेल तर बाई पाठवा. कायद्याने त्या मुलीचे नाव छापता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण जी बोलून येते तिच्यापाशी ते नाव, तो चेहरा आणि न छापलेले सगळे राहते. ते ठेवायला कचेरीत फडताळ नसते. शिवाय हल्ली बातमीखाली नावानिशी शिवीगाळ येते. युनेस्कोसाठी 2020 साली झालेल्या जागतिक पाहणीत उत्तरे देणाऱ्या स्त्री-पत्रकारांपैकी 73 टक्के जणींनी असा ऑनलाइन छळ सोसल्याचे सांगितले. त्यावरही उत्तर द्यायचे ते सभ्य भाषेत, कारण आपण वर्तमानपत्राचे नाव लावतो.

या "ताईंकडे जा" मधून चांगले काही निघत नाही असे मात्र नाही. विद्या बाळ 1964 साली "स्त्री" मासिकात आल्या आणि 1989 साली त्यांनी "मिळून साऱ्याजणी" काढले. आपल्यापैकी अनेकींनी ते वाचले आहे. बायकांचे दुःख मासिकात छापून थांबायचे नाही, असे ठरवून त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला आणि "बोलते व्हा" हे केंद्र चालविले. ऐकून घेणे हे काम आहे, त्याला जागा लागते, वेळ लागतो, एकीऐवजी चौघी लागतात, हे त्यांनी ओळखले. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनी आपल्याच माणसांसाठी एवढे ओळखले असते तर आज मला हे भाषण करावे लागले नसते.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेच बिनखर्ची आहे. भयंकर चित्रफीत तपासायची तर आवाज बंद ठेवून, पडद्यावर लहान करून पाहावी. सहकाऱ्याला पाठवताना आत काय आहे ते आधी सांगावे. निधनवार्ता आणि अपघात एकाच माणसाकडे वर्षानुवर्षे ठेवू नयेत. मोठ्या दुर्घटनेवरून आलेल्याला दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या दुर्घटनेवर धाडू नये. ही पथ्ये परदेशी कचेऱ्यांतून पाळू लागले आहेत, आपल्याकडेही काही तरुण संपादक ती मनावर घेताना मी पाहते.

घरच्यांसाठी मात्र मी एवढेच सांगेन. मुलगी रात्रपाळी करून पहाटे घरी आली तर "आज काय मोठे झाले?" असे दारातच विचारू नका. ती आठ तास तेच सांगत होती. तिला पाणी द्या, झोपू द्या. दुपारी ती भाजी निवडायला आपण होऊन शेजारी बसली तर बसू द्या, आणि बोलली तर मध्ये "जाऊ दे, विसरून जा" म्हणू नका. त्या भगिनींनी परवा मुलीला आजीची जुनी पेटी आवरायला म्हणून बोलावले आहे. पुढच्या रविवारी ती येणार आहे.